मेडिकलमध्ये मोठ्यांना लस टोचता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी एकाचं मेडिकल आहे, स्वतः डी. फार्म., नोंदणी चालू. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी, धनुर्वात आणि रेबीजच्या लसी फ्रिजमध्ये ठेवतात. साठीच्या पुढची नेहमीची माणसं लस विकत घेतात आणि म्हणतात, "आता डॉक्टरकडे कुठे जायचं, तुम्हीच टोचा की." करोनाच्या काळात या गृहस्थांनी लसीकरण केंद्रावर काम केलं आहे, हात बसलेला आहे. पुतण्या इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे, तो दुकानातच लस देतो. मग आपण का नाही, आणि दिली तर कायदा काय म्हणेल?

उद्या सकाळी तुम्हाला शटर उघडायचं आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. फार्मासिस्टने आपल्या दुकानात, स्वतःच्या निर्णयाने मोठ्या माणसाला लस टोचावी अशी मुभा देणारा नियम भारतात आज नाही. म्हणून टोचू नका. फ्लूची लस नाही आणि 'नुसतं टीटी' म्हणतात तेही नाही. मात्र लसीकरणात तुम्हाला कायदेशीरपणे करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं निम्मंही आपल्याकडची बहुतेक दुकानं करत नाहीत.

आता कारणं. लस देणं हे आपण एक काम समजतो, पण कायद्याच्या नजरेत ती तीन कामं आहेत: लस साठवून विकणं, ती कोणाला द्यायची हे ठरवणं आणि प्रत्यक्ष सुई टोचणं. पहिलं तुमचं आहे, दुसरं डॉक्टरचं आहे, आणि तिसऱ्यावर सगळा घोळ आहे.

पहिल्याबद्दल फार सांगायला नको. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम तुम्हाला पाठ असणार. लसी अनुसूची 'सी'मध्ये येतात, त्यामुळे नमुना २० च्या परवान्यावर त्या विकता येत नाहीत, नमुना २१ चा परवाना लागतो. ज्या लसीच्या खोक्यावर 'आरएक्स' आणि फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकावी अशी सूचना छापलेली असते, ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही, मग गिऱ्हाईक कितीही जुनं असो. बिलावर बॅच नंबर आणि मुदत हवी. तुमच्या प्रश्नात 'विकत घेतात' असं आहे, चिठ्ठीचा उल्लेख नाही. तेवढं आधी नीट करा, कारण औषध निरीक्षक आले तर पहिला प्रश्न तिथेच येईल.

दुसरं काम, म्हणजे या माणसाला ही लस आज द्यावी का, हा वैद्यकीय निर्णय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार वैद्यकीय नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाने डॉक्टर म्हणून व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात त्याशिवाय १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे. आणि न्यायालयं या बाबतीत कशी विचार करतात हे समजायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा मुंबईतल्या प्रकरणाचा निकाल लक्षात ठेवा. होमिओपॅथीच्या नोंदणीकृत डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. ज्या शाखेत तुमची पात्रता नाही त्या शाखेचे उपचार करणं हाच मुळात निष्काळजीपणा, असं न्यायालयाने म्हटलं. अशा वेळी वेगळा पुरावा शोधत बसावं लागत नाही. तो तर डॉक्टर होता, आपण फार्मासिस्ट आहोत.

आता तिसरं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हाच मुद्दा घेऊन वाद घालतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. फार्मसी कायदा, १९४८ चं कलम ४२ चिठ्ठीवरचं औषध बनवून देण्याचा हक्क फक्त आपल्याला देतं, त्यात सुईचा विषय नाही. पण फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स काढली, आणि त्यातल्या 'फार्मसी प्रॅक्टिस'च्या व्याख्येत दोन गोष्टी आल्या. एक, डॉक्टरच्या आदेशाचा अर्थ लावणं, तो पारखणं आणि अमलात आणणं. दोन, औषध निवडण्यात आणि औषध रुग्णाच्या शरीरात देण्यात सहभाग. शिवाय डी. फार्म.च्या २०२० च्या अभ्यासक्रमात पुतळ्यावर इंजेक्शनचं आणि लसीकरणाचं तंत्र शिकवलं जातं. मग मुलं विचारतात की व्याख्येत आहे, अभ्यासक्रमात आहे, हातात डॉक्टरची चिठ्ठी आहे, तर अडचण काय?

शब्द 'सहभाग' आहे. सहभागी व्हायला मुख्य काम करणारं कोणी तरी असावं लागतं. रुग्णालयात डॉक्टरने केसपेपरवर आदेश लिहिला, परिचारिका आहे, आपत्कालीन ट्रॉली आहे, आणि तिथे क्लिनिकल फार्मासिस्टने लस दिली, तर २०१५ ची व्याख्या त्याच्या पाठीशी उभी राहील असं मी मानतो. दुकानातली गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर नाही. चिठ्ठीवर लसीचं नाव आहे, पण 'अमुक फार्मासिस्टने आपल्या दुकानात टोचावी' असं कोणी लिहिलेलं नाही. त्या दिवशी रुग्णाला ताप आहे का, मागच्या डोसला त्रास झाला होता का, हे तपासून 'हो, द्या' म्हणणारं कोणी नाही. म्हणजे सुईबरोबर दुसरं कामही तुम्हीच करून टाकता. कायदा इथे स्पष्टपणे 'हो' म्हणत नाही. आणि संदिग्ध जागेत काही बिनसलं की संदिग्धतेची किंमत टोचणाऱ्याने मोजायची असते.

ती किंमत केवढी, हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तो घडला तर मर्यादा दोन वर्षं. ही सवलत कोणाला, हे कलमातच सांगितलं आहे: मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांना. फार्मासिस्ट त्यात बसत नाही. तीच सुई, तीच लस, तीच तीव्र ॲलर्जी, पण तुमच्यासाठी शिक्षेची मर्यादा अडीचपट. ग्राहक संरक्षण कायद्याखालची भरपाई वेगळी. दुकानाचा विमा असेल तर कागद काढून बघा, इंजेक्शन देणं त्यात धरलेलं आहे का. बहुधा आग आणि चोरीच सापडेल.

करोनाच्या केंद्रावरच्या कामाचं काय? डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात लस देऊ शकणाऱ्यांच्या यादीत डॉक्टर, परिचारिका, एएनएम (उपकेंद्रावरच्या साहाय्यक परिचारिका) यांच्याबरोबर फार्मासिस्टचंही नाव होतं. ते वाचून मला अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण ती मुभा त्या मोहिमेपुरती होती. सरकारने ठरवलेलं केंद्र, ठरवलेले लाभार्थी, पाच जणांचं पथक, लसीनंतर तीस मिनिटं बसवून ठेवायची खोली, काही झालं तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे आधीच ठरलेलं. निर्णय सरकारी वैद्यकीय यंत्रणेचा होता, हात तुमचा होता. केंद्र बंद झालं तशी ती मुभाही संपली. केंद्रावरचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावा, तो तुमचा मान आहे. त्याच्या आधारावर दुकानाबाहेर 'येथे लस टोचून मिळेल' असा फलक मात्र लावू नका, कारण तुमच्याविरुद्ध पहिला पुरावा म्हणून तोच फलक पुढे येईल.

आता 'टीटी' आणि कुत्र्याच्या चाव्याबद्दल, कारण खेड्यापाड्यात दुकानातली सुई बहुतेक वेळा इथे चालते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

खिळा लागला की माणूस मेडिकलमध्ये येतो, "टीटी मारा" म्हणतो. राष्ट्रीय कार्यक्रमात टीटीची जागा आता टीडीने, म्हणजे धनुर्वात आणि मोठ्यांसाठीच्या घटसर्पाच्या एकत्र लसीने घेतली आहे, तरी तोंडात नाव टीटीच. इंजेक्शन तसं साधं आहे. पण जखम खोल आहे का, आत माती-गंज राहिला आहे का, रुग्णाचा प्राथमिक डोसच कधी झाला आहे का, धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लगेच संरक्षण देणारी तयार प्रतिपिंडं, लागेल का, हे सगळं जखम उघडून बघणाऱ्यानेच ठरवायचं असतं. सुई मिळाली की माणूस घरी जातो आणि जखम तशीच राहते.

कुत्र्याच्या चाव्यात तर याची परिणती मृत्यूत होऊ शकते. रेबीज झाल्यावर वाचवता येत नाही, जे करायचं ते आधीच. रक्त आलेला, कातडी फाटलेला चावा हा तिसऱ्या श्रेणीचा. तिथे नुसती लस पुरत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं, लस, आणि जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन, तिन्ही लागतात. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, तोवरचा आधार इम्युनोग्लोब्युलिनचा. ते पहिल्या डोसबरोबर द्यायचं, राहून गेलं तर सातव्या दिवसापर्यंतच. दुकानात बसून कोणी दंडात, किंवा कधी कधी चुकून नितंबात, लस दिली की माणसाला वाटतं उपचार झाला. आणि खरा उपचार राहून जातो. म्हणून चावलेला माणूस आला की त्याला नळाखाली उभा करा, साबण हातात द्या, पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायला सांगा, आणि सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. तिथे लस मोफत असते. हे केलंत तर तुम्ही सुई न धरता जीव वाचवलात, आणि यातलं काहीही कायद्याबाहेर नाही.

पुतण्याचं काम आणि तुमचं काम यांत फरक हाताचा नाही, कागदाचा आहे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या ह्युमन मेडिसिन्स रेग्युलेशन्सखाली 'पेशंट ग्रुप डायरेक्शन' नावाचा लेखी दस्तऐवज असतो. कोणत्या वयाच्या, कोणत्या आजाराच्या माणसाला कोणती लस किती मात्रेत द्यायची, कोणाला द्यायची नाही, त्रास झाला तर काय करायचं, नोंद कशी ठेवायची, हे सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं. डॉक्टर आणि फार्मासिस्ट त्यावर सही करतात आणि जबाबदार संस्था तो मंजूर करते. दुकानात लस देणारा प्रत्येक फार्मासिस्ट प्रशिक्षण घेतो, आपलं नाव त्यावर चढवतो. म्हणजे वैद्यकीय निर्णय एका माणसासाठी न होता एका गटासाठी आधीच झालेला असतो, आणि पुतण्या त्या चौकटीत बसणाऱ्या माणसालाच लस देतो. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २०१५ पासून दुकानांतल्या फ्लू लसीचे पैसेही द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत राज्याराज्याचे कायदे वेगळे, पण २००९ पर्यंत पन्नासही राज्यांत फार्मासिस्टला लस द्यायची कुठली ना कुठली मुभा मिळाली होती. कुठे डॉक्टरच्या कायमस्वरूपी आदेशावर, कुठे करार करून, आणि त्याआधी प्रशिक्षण, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचं प्रमाणपत्र वगैरे अटी. आपल्याकडे असा गटासाठीचा आदेश ओळखणारा नियमच नाही. तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी तुम्हाला लेटरहेडवर 'माझ्या वतीने लस द्यावी' असं लिहून दिलं, तरी त्याला तो दर्जा येत नाही. असं पत्र घेऊ नका. त्याने तुमचा धोका कमी होत नाही, आणि डॉक्टरही अडकतात.

मग करता काय येईल? डॉक्टरला दुकानाजवळ आणा. आठवड्यातून एक दिवस, शेजारची वेगळी खोली, तिथे डॉक्टर तपासणार, चिठ्ठी लिहिणार, स्वतः टोचणार किंवा त्यांच्या देखत परिचारिका टोचणार. लस रुग्ण तुमच्याकडून बिलाने घेईल, किंवा त्याला हवी तिथून आणेल. तेवढं स्वातंत्र्य खरंच असू द्या. डॉक्टरची फी डॉक्टरकडे. तुमच्या विक्रीतला एक रुपयाही त्यांच्याकडे जायला नको आणि त्यांच्या फीतला तुमच्याकडे यायला नको. वैद्यकीय आचारसंहितेत कमिशनला मनाई आहे आणि असे व्यवहार फार दिवस लपत नाहीत. परवान्याच्या नकाशात दाखवलेली जागा औषधविक्रीची आहे, तिच्यातच पडदा लावून तपासणीचं टेबल टाकू नका. वेगळी खोली हवी, आणि बदल करण्याआधी औषध प्रशासनाला लेखी विचारा. जिथे सुई चालते तिथे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियमही आले. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सुईविना सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्यात, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारपत्राचा कागद. ही जबाबदारी दवाखान्याची, पण कोणाची हे आधी लिहून ठेवा. नाहीतर कचरा तुमच्या दुकानामागे सापडेल आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. खोलीत ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन), ऑक्सिजन आणि ते वापरू शकणारा डॉक्टर रुग्ण घरी जाईपर्यंत हजर हवा. लस देऊन डॉक्टर पुढच्या व्हिजिटला निघून गेले असं होता कामा नये.

लस चांगली ठेवणं हे मात्र पूर्णपणे तुमचं काम, आणि त्यात कोणाची परवानगी लागत नाही. दोन ते आठ अंश. घरगुती फ्रिजच्या दारात लस ठेवू नका, फ्रीझरखालच्या कप्प्यातही नको. लोकांना उष्णतेची भीती वाटते, पण मोठ्यांच्या बऱ्याच लसी गोठण्याने वाया जातात. हिपॅटायटिस बी, टीडी, एचपीव्ही एकदा गोठली की गेली, पुन्हा पातळ झालेली दिसली तरी. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, जमलं तर तापमान आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर घ्या. उन्हाळ्यात सहा तास वीज गेली तर काय करायचं हे मे महिन्याच्या आधी ठरवा. रुग्ण लस घेऊन डॉक्टरकडे जाणार असेल तर थंड पॅक आणि लस यांच्यामध्ये कागद किंवा कापड हवं. बर्फाला चिकटून लस द्यायची नाही, आणि "वाटेत थांबू नका" हे तोंडाने सांगायचं.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळते: माणूस रोज काय काय खातो. सांधेदुखीला मेथोट्रेक्सेट, दम्याला प्रेडनिसोलोन, हृदयाला रक्त पातळ करणारी गोळी. तीन डॉक्टरांची औषधं, पण दुकान एकच, तुमचं. कांजण्या, गोवर-गालगुंड-रुबेला किंवा पिवळ्या तापाच्या जिवंत लसी मेथोट्रेक्सेट-प्रेडनिसोलोनसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला धोक्याच्या. रक्त पातळ असेल तर टोचल्यावर दाबून धरावं लागतं. हे एका कागदावर लिहून रुग्णाच्या हाती डॉक्टरकडे पाठवा. २०१५ च्या नियमांत रुग्णाला समजावून सांगणं आणि त्याच्या औषधांचा आढावा घेणं फार्मासिस्टच्या कामात स्पष्ट लिहिलं आहे. इथे तुमचा हक्क निर्विवाद आहे, तो वापरा. लसीनंतर काही त्रास झाल्याचं कळलं तर राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा, गंभीर असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही. तक्रार करायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

पिवळ्या तापाच्या लसीबद्दल कोणी आफ्रिकेला जाणारा विचारायला आला तर त्याला सरळ केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रावर पाठवा. ती लस आणि तिचं प्रमाणपत्र दुसरीकडचं चालत नाही.

शेवटी तुमच्या मनातला न विचारलेला प्रश्न, की हे असंच राहावं का? माझं स्पष्ट मत आहे, राहू नये. मोठ्यांच्या लसीकरणाकडे आपल्या देशात फारसं कोणी लक्ष देत नाही. लहान मुलांसाठी १९८५ पासून सार्वत्रिक कार्यक्रम आहे, पण सत्तरीच्या मधुमेही आजोबांना न्यूमोनियाची लस आठवण करून देणारं कोणी नाही, आणि त्यांना महिन्याला भेटणारा आरोग्यसेवक म्हणजे तुम्ही. पण मुभा मागायची तर पूर्ण मागा. कोणत्या लसी, कोणत्या वयाला, कोणाला नाही, हे ठरवणारा गटासाठीचा आदेश. पुतळ्यावर नाही तर माणसावर, देखरेखीखाली घेतलेलं प्रशिक्षण, दर काही वर्षांनी उजळणी. ॲड्रेनालिन देण्याचा लेखी अधिकार. दुकानात वेगळी जागा. नोंदीची राष्ट्रीय प्रणाली. आणि न्याय संहितेतल्या त्या सवलतीत फार्मासिस्टचा समावेश. यातलं एक जरी गाळलं तर पहिल्याच अपघातात सगळं बंद होईल.

राज्य फार्मसी कौन्सिलला आणि तुमच्या जिल्हा केमिस्ट संघटनेला या मुद्द्यांवर लेखी निवेदन द्या. सोबत तुमच्या दुकानातला हिशेब जोडा: वर्षभरात साठीपुढच्या किती माणसांनी लस चिठ्ठीने नेली, त्यातल्या किती जणांनी परत येऊन 'टोचून झाली' सांगितलं आणि किती जणांची राहून गेली. नावं घालू नका. मेडिकलमधून लस नेऊनही न टोचलेल्यांचा हा आकडा दवाखान्याच्या नोंदीत येत नाही. तो फक्त तुम्हीच ठेवू शकता. वही आजच सुरू करा.